बाबांच्या डोळ्यांच्या कॅप्सूल, दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

हा रिव्ह्यू लिहायला दोन वर्षं लागली, कारण वस्तूच अशी आहे की आठ दिवसांत काही कळत नाही. आठ दिवस सोडा, आठ महिन्यांतही नाही. मिक्सर घेतला तर तो चालतो नाहीतर जळतो, आपण मोकळे. ह्या कॅप्सूल रोज दोन पोटात जातात आणि त्यांचं काम काय, तर काहीतरी होऊ नये. आता जे झालंच नाही त्याला स्टार कसे द्यायचे तेवढं सांगा मला. तरी बाकीच्यांचे रिव्ह्यू वाचले तर कोणी "महिन्याभरात नंबर उतरला" म्हणून पाच स्टार ठोकलेत आणि कोणी "डबा संपला, काडीचा फरक नाही" म्हणून एक स्टार. माझ्या मते आपण काय विकत घेतलंय हे ह्या दोघांनाही ठाऊक नाही.

वापरणारे माझे बाबा, वय ७४, रिटायर्ड मुद्रितशोधक. जन्मभर लोकांची प्रुफं तपासली, ऱ्हस्व-दीर्घ काढले, आणि अजून लग्नाची पत्रिका आली तरी आधी चुका शोधतात मग तारीख बघतात. तर ते दोन वर्षांपूर्वी म्हणायला लागले की दिवा मंद झालाय. बल्ब बदलला, टेबललॅम्प आणला, तरी तेच. उन्हातून घरात आले की बराच वेळ चाचपडायचे. आम्ही सगळ्यांनी मिळून निदान करून टाकलं, मोतीबिंदू! तो असतोच की ह्या वयात. तपासायला गेलो तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या मोतीबिंदू आहे पण कच्चा आहे, त्याचं एवढं काही नाही, गडबड मागे पडद्यावर आहे. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, फोटो काढले, ओसीटी नावाचा स्कॅन केला. त्यात पडद्याचा उभा छेद दिसतो, थरावर थर, आणि बाबांच्या खालच्या थरात डांबरी रस्त्याखालून झाडाची मुळं वर आल्यासारखे उंचवटे उंचवटे. त्यांना ड्रुझेन म्हणतात. आजाराचं नाव एएमडी, म्हणजे वयामुळे मॅक्युला खराब होणं. मॅक्युला हा पडद्याचा मधला जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा तुकडा, पण वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं सगळं त्याच्याच जिवावर.

हे उंचवटे कसले, ते थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय ह्या गोळीचा रिव्ह्यू कळणार नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या खाली आरपीई नावाचा एक थर असतो, तो वरच्यांना पोसतो आणि त्यांचा कचरा उचलतो. कचरा थोडाथोडका नाही बरं का, ह्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपल्या टोकाच्या भागाचा साधारण दहावा हिस्सा रोज टाकून देतात आणि तेवढाच नवीन बनवतात, आणि टाकलेला माल खालचा थर गिळून पचवतो. रोज. सुट्टी नाही, आणि त्या पेशींच्या जागी नवीन भरतीही नाही, जन्माला आलेल्याच शेवटपर्यंत राबतात. त्याखाली एक पातळ पापुद्रा असतो ज्यातून आतला माल बाहेर आणि बाहेरचं पोषण आत जातं, तो वयाबरोबर जाड आणि तेलकट होत जातो, मग निचरा तुंबतो आणि चरबी, कोलेस्टेरॉल आणि प्रोटीनच्या गुठळ्या तिथेच साचतात. तेच ड्रुझेन. बारीक, म्हणजे ६३ मायक्रॉनच्या आतले, ह्या वयात पुष्कळांना असतात, त्याला आजार म्हणत नाहीत. १२५ मायक्रॉनच्या वरचे म्हणजे मोठे. १२५ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, एवढ्याशा गोष्टीवर माणसाचं वाचन अडतं! बाबांना दोन्ही डोळ्यांत मोठे होते, म्हणून स्टेज "इंटरमिजिएट".

ह्यात प्रोटीन म्हटल्यावर बाबांनी फोनवर अक्षरं मोठी करून वाचत बसून शोध लावला की ड्रुझेनमध्ये अमायलॉइड बीटा सापडतं आणि अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत पण तेच सापडतं. दोन दिवस घरात सुतक. पुढच्या वेळी मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या आजोबा, तुमच्या ड्रुझेनमध्ये पन्नास तऱ्हेची प्रोटीन्स आहेत, त्यातलं ते एक, त्यावरून मेंदूचं निदान होत नाही. त्यात शरीराच्या संरक्षण यंत्रणेतली, कॉम्प्लिमेंट म्हणतात ती प्रोटीन्स पण भरपूर असतात, आणि २००५ मध्ये सापडलं की त्या यंत्रणेला लगाम घालणाऱ्या फॅक्टर एच ह्या प्रोटीनच्या जीनमध्ये एक ठराविक बदल असेल तर एएमडीची शक्यता बरीच वाढते. म्हणजे थोडं नशिबाचं, थोडं वयाचं, आणि थोडं बाबांच्या सिगरेटचं. सिगरेट वीस वर्षांपूर्वी सोडली पण त्याआधीची पंचवीस वर्षं कुठे जाणार. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता वस्तूकडे. मॅडमनी चिठ्ठीवर एरेड्स-२ फॉर्म्युला असं लिहून दिलं. कंपनी कुठलीही घ्या म्हणाल्या, फक्त मागचे आकडे जुळवून घ्या. हा फॉर्म्युला अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या अभ्यासातून आलाय, पहिला एरेड्स २००१ मध्ये छापून आला, दुसरा २०१३ मध्ये, दुसऱ्यात ४,२०३ माणसं होती. म्हणजे ही कुणाच्या काकूने सांगितलेली जडीबुटी नाही, हे मान्य करायला पाहिजे. दिवसाचा डोस असा: व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० आययू (म्हणजे इंटरनॅशनल युनिट), झिंक ८० मिलिग्रॅम, कॉपर २ मिलिग्रॅम, ल्युटिन १० मिलिग्रॅम, झिअ‍ॅक्झांथिन २ मिलिग्रॅम. शेवटची दोन पिवळी रंगद्रव्यं मॅक्युलात मुळातच असतात, त्यांच्यामुळेच तो पिवळा दिसतो.

आणि इथे मी पहिल्यांदा फसलो. डब्यावर मोठ्ठा डोळा, "आय केअर", "मॅक्युला सपोर्ट", ल्युटिनचा आकडा ठसठशीत, घेतला. घरी येऊन मागे बघतो तर झिंक औषधापुरतं, व्हिटॅमिन ई नावाला, आणि कॉपरचा पत्ताच नाही. फॉर्म्युला नाहीच तो, नुसतंच डोळ्याचं चित्र. दुसरा डबा आणला त्यावर "एरेड्स" लिहिलेलं होतं, मी खूश, पण ते पहिलं एरेड्स, ज्यात ल्युटिनच्या जागी बीटा कॅरोटीन होतं. आणि बीटा कॅरोटीनच्या जास्त डोसने सिगरेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, सोडलेल्यांनाही ते देत नाहीत. २०२२ मध्ये एरेड्स-२ चा दहा वर्षांचा हिशोब आला त्यात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कॅन्सर जवळपास दुपटीने दिसला आणि तो मुख्यतः पूर्वी सिगरेट ओढलेल्यांनाच झालेला, ल्युटिनवाल्यांत अशी वाढ नव्हती, शिवाय डोळ्यासाठीही ल्युटिनच थोडं सरस निघालं. म्हणजे बाबांसाठी तो "दोन" चा आकडा साधासुधा नव्हता. डबा परत केला. परत घेणाऱ्या पोराने विचारलं काय प्रॉब्लेम आहे सर, मी म्हटलं आकडा चुकलाय, त्याने "इतर कारण" वर टिक केलं.

तिसरा डबा बरोबर निघाला आणि तोच प्रकार आम्ही आजपर्यंत वापरतोय. हा रिव्ह्यू त्याचा.

कॅप्सूल मोठी आहे. चांगलीच मोठी, म्हाताऱ्या माणसाने गिळताना डोळे पांढरे होतील इतकी. सुरुवातीला बाबा सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी घ्यायचे आणि तासाभरात मळमळ, आम्हाला वाटलं सोसत नाही, बंद करायच्या बेतात होतो. ते झिंकमुळे. भरल्या पोटी, एक सकाळच्या आणि एक रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला लागल्यावर त्रास गेला. डब्यावर हे लिहिलंय का? लिहिलंय, पण कुठे, तर तळाशी, करड्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात. अहो, ज्यांची नजर चाललीय त्यांच्यासाठीचं औषध आहे ना हे! अर्धा स्टार मी फक्त ह्यासाठी कापलाय आणि तो कमीच कापलाय. दुसरी गोम म्हणजे तक्त्यातले आकडे दोन कॅप्सूलचे मिळून आहेत, एकीचे नाहीत, आणि ते आणखी बारीक अक्षरांत आहे, म्हणजे एकच घेऊन वर्षभर अर्ध्या डोसवर राहणारे किती असतील देव जाणे. झाकण मात्र उघडायला सोपं, तेवढं कौतुक.

आणि व्हिटॅमिनच तर आहे असं समजून कुणी मनाने सुरू करू नका. झिंक ८० मिलिग्रॅम म्हणजे मोठ्या माणसाची रोजची जी वरची मर्यादा सांगतात, ४० ची, तिच्या दुप्पट. जास्त झिंकने शरीरातलं तांबं कमी होऊन रक्त कमी होऊ शकतं म्हणून त्यात कॉपर घातलंय, सजावटीला नाही. पहिल्या अभ्यासात झिंक घेणाऱ्यांना लघवीच्या तक्रारींसाठी अ‍ॅडमिट व्हायची वेळ जरा जास्त आली होती. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन ई बद्दल डॉक्टरांना आधी विचारा. बाबा शेजारी एक साधी मल्टिव्हिटॅमिन पण घेत होते, ती मॅडमनी बघून आकडे जोडले आणि बंद केली. ह्याच कंपनीचा "प्रीमियम" प्रकार पण आहे, त्यात माशाच्या तेलाचं ओमेगा-३ घातलंय. २०१३ च्या अभ्यासात ओमेगा-३ मुद्दाम देऊन बघितलं होतं, एएमडीसाठी जास्तीचा फायदा काही दिसला नाही, तेव्हा प्रीमियमच्या नादी लागलो नाही.

डब्यात एक अ‍ॅम्सलर ग्रिड फ्री येते. चौकटीचौकटीचं कार्ड, मधे ठिपका. खरी ग्रिड १० सेंटिमीटरची असते, अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन, वीस आडवे वीस उभे, साधारण ३० सेंटिमीटरवर धरायची, जवळचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा वाकड्या, पुसट, तुटक दिसतायत का ते बघायचं. ह्यांनी दिलेली व्हिजिटिंग कार्डाएवढी आणि वर चकचकीत लॅमिनेशन, दिव्याखाली धरली की नुसती चमकते. निरुपयोगी. दवाखान्यातून साध्या कागदावरची आणली आणि बाबांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली. बाबा पहिले काही दिवस दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचे आणि "सगळं सरळ आहे" म्हणायचे. तसं करून उपयोग नाही, चांगला डोळा दुसऱ्याच्या चुका झाकतो. प्रुफं कशी दोघांनी मिळून वाचली की दोघांच्याही नजरेतून चूक सुटते, असं मी म्हटलं तेव्हा पटलं त्यांना.

आता खरी गोष्ट. चौदा महिने सगळं शांत. दर स्कॅनला तेच उंचवटे, ना कमी ना फार जास्त. (कमी होणारही नसतात, ही गोळी ड्रुझेन विरघळवत नाही, कुणी तसं सांगून विकत असेल तर तिथून उठा. मोतीबिंदूवरही काही परिणाम नाही, पहिल्या एरेड्सने ते पण तपासलं होतं.) चौदाव्या महिन्यात एका सकाळी बाबा पेपर घेऊन आले आणि चिडून म्हणाले, ह्यांच्या छपाईत काही राम राहिला नाही, ओळ बघ कशी वाकडी लावलीय. मी बघितली. ओळ सरळ होती. "अरे असं काय करतोस, मधे खड्डा पडलाय की." मग दोघांच्याही डोक्यात एकदम प्रकाश पडला, कपाटाचं दार उघडलं, उजवा डोळा झाकला, आणि डाव्या डोळ्याला चौकोन असे दिसत होते म्हणाले की जसं जाळं कुणीतरी बोटाने ओढून धरलंय. चार दिवसांपूर्वी ग्रिड बघितली होती, नीट होती.

त्याच दिवशी पळालो. स्कॅनमध्ये पडद्याखाली काळा डाग, म्हणजे पाणी. एएमडीचा ड्राय (कोरडा) प्रकार होता तो वेट (ओला) झाला, खालून नको त्या नवीन रक्तवाहिन्या फुटल्या आणि त्या पाझरायला लागल्या. ह्याला आता उपाय आहे, डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ, म्हणजे ह्या नको त्या रक्तवाहिन्यांना आवर घालणारं इंजेक्शन, ह्यातलं रॅनिबिझुमॅब २००६ पासून आहे, नंतर अफ्लिबरसेप्ट, फॅरिसिमॅब वगैरे आली. सुई डोळ्यात हे ऐकून मलाच घाम फुटला, बाबा म्हणाले भूल देऊन टोचतात, दाबल्यासारखं वाटतं, बस. आधी महिन्याला एक अशी तीन, मग हळूहळू अंतर वाढवत. रेघा बऱ्याचशा सरळ झाल्या, अगदी पहिल्यासारख्या नाहीत. मॅडम म्हणाल्या दोनेक महिने अंगावर काढलं असतं तर तिथे व्रण बनला असता आणि मग इंजेक्शनने पण फारसं हाती लागलं नसतं.

मग साहजिकच घरात प्रश्न, गोळी फेल गेली की काय? माझी बहीण तर लगेच एक स्टार द्यायला निघाली. मी पण एक आठवडा तिच्याच बाजूला होतो. पण मॅडमनी कागदावर लिहून दाखवलं ते असं: पहिल्या अभ्यासात बाबांसारखी किंवा त्यापुढची अवस्था असलेल्यांपैकी, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या १०० जणांमधले साधारण २८ पाच वर्षांत गंभीर अवस्थेला गेले. खरी गोळी घेणाऱ्यांमधले २०. बस, एवढंच. हेच जाहिरातीत "धोका २५ टक्क्यांनी कमी" असं येतं आणि आपण वाचतो की १०० पैकी २५ वाचले. वाचले आठ. बाहत्तर जण तसेही वाचणार होते आणि वीस जण गोळी खाऊनही जाणार होते, आणि ह्या आठांना आपण आठांपैकी आहोत हे कधीच कळत नाही, बाबा वीसांत आहेत एवढं मात्र आम्हाला कळलं. निदान डाव्या डोळ्यापुरतं. उजवा अजून ड्राय आहे आणि एक डोळा गेला की दुसऱ्याची जोखीम जास्त, म्हणून ह्या गोळीची गरज खरं तर आता आधीपेक्षा जास्त आहे. तेव्हा चालू ठेवली.

आठ म्हणजे कमी का जास्त हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते रोज जेवणानंतर दोन कॅप्सूल गिळण्याच्या कष्टात आठ वाईट नाहीत, पण डब्याच्या पुढच्या बाजूला "नजर पुन्हा तेजस्वी" असं सोनेरी अक्षरांत छापतात त्याचा राग येतो, कारण तेच वाचून माणूस ग्रिड बघायचं सोडतो, तपासणी पुढे ढकलतो, आपण गोळी घेतोय ना मग कशाला. आमचा डोळा गोळीने नाही, कपाटाच्या दारावरच्या फुकट कागदाने वाचवला. आणि बाबांच्या चिडचिडेपणाने.

मी स्वतः ४६, बाबांचाच मुलगा, म्हटलं मी पण आत्तापासून सुरू करतो की. मॅडमनी माझा पडदा बघितला, स्वच्छ आहे म्हणाल्या, आणि सरळ नाही म्हणून सांगितलं. ज्यांना आजारच नाही किंवा अगदी सुरुवातीची अवस्था आहे त्यांना ह्या डोसचा फायदा दिसलेला नाही. तुम्ही हिरव्या पालेभाज्या खा, बीपी सांभाळा आणि ती सिगरेट सोडा म्हणाल्या. सिगरेटचं मी सांगितलं नव्हतं, वास आला असणार.

ज्यांना ड्रायचीच पुढची अवस्था आहे, जिओग्राफिक अ‍ॅट्रॉफी, म्हणजे पाणी नाही पण पेशीच मरत जातात, त्यांच्यासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत दोन इंजेक्शनं मंजूर झालीत, त्याच कॉम्प्लिमेंट यंत्रणेला आवर घालणारी. ती पण गेलेली नजर परत आणत नाहीत, पसरायचा वेग कमी करतात. ते आमच्या अनुभवाबाहेरचं आहे, म्हणून इथेच थांबतो.

तर स्टार. फॉर्म्युला बरोबर आणि आकडे पूर्ण, त्याला चार. बारीक टायपाचा अर्धा वजा. ग्रिडच्या नावाखाली दिलेल्या त्या चकचकीत तिकिटाचा आणि सोनेरी अक्षरांचा खरं तर अजून एक वजा करणार होतो पण दोन वर्षांत एकदाही डबा फुटका किंवा मुदत संपत आलेला आला नाही म्हणून सोडला. साडेतीन.

हे सगळं लिहून बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले डबा आण बघू, मग दिव्याचं भिंग घेऊन उजव्या डोळ्याने मागचा मजकूर पाच मिनिटं बघत बसले. मला वाटलं साइड इफेक्ट वाचतायत. मग पेन मागितलं, झिअ‍ॅक्झांथिनला गोल केला, समासात खूण केली आणि डबा माझ्याकडे सरकवला. "एक अक्षर खाल्लंय त्यांनी. कळव."